वाचकांचे प्रश्न: दुसऱ्या प्लगइनने अडकवलेलं फंक्शन कसं सोडवायचं?

(कोडमधली नावं आणि आकडे इथे देवनागरीत छापले आहेत. फाइलमध्ये ते इंग्रजीतच टाइप करायचे.)

प्रश्न: आमच्या हळद-बेदाण्याच्या दुकानाची साइट वर्डप्रेसवर आहे. एक प्लगइन प्रत्येक लेखाखाली शेअरची बटणं चिकटवतं. त्यात ओळ अशी आहे: ॲड_फिल्टर( 'द_कंटेंट', ॲरे( $धिस, 'ॲड_बटन्स' ), ९९ ), चाइल्ड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये आम्ही लिहिलं: रिमूव्ह_फिल्टर( 'द_कंटेंट', 'ॲड_बटन्स' ), एरर येत नाही आणि बटणंही जात नाहीत.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: एरर येणारच नाही. रिमूव्ह_फिल्टरला काही सापडलं नाही तर ते गुपचूप फॉल्स परत देतं. म्हणून आधी ती परत आलेली किंमत एरर लॉगमध्ये लिहून बघा.

तुमच्या ओळीत दोन चुका आहेत. प्लगइनने प्रायॉरिटी, म्हणजे चालण्याच्या क्रमाचा आकडा, ९९ दिली आहे. तुम्ही ती लिहिलीच नाही, म्हणून वर्डप्रेसने १० धरली. जोडताना जो आकडा होता तोच काढताना हवा. दुसरी चूक फंक्शनच्या ओळखीची. नुसतं 'ॲड_बटन्स' म्हटलं की वर्डप्रेस त्या नावाचं सुटं फंक्शन शोधतं, पण इथे ते एका ऑब्जेक्टचं मेथड (त्याच्या क्लासमध्ये लिहिलेलं फंक्शन) आहे. ऑब्जेक्टही नेमका तोच लागतो. बरेच जण इथे न्यू लिहून त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट करतात. ॲड_फिल्टरची ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) असेल, तर बटणं जायच्या ऐवजी दोनदा दिसू लागतात!

मूळ ऑब्जेक्ट मिळवायचा कसा? प्लगइनमध्ये गेट_इन्स्टन्ससारखं स्टॅटिक मेथड किंवा ग्लोबल व्हेरिएबल असेल तर काम सोपं. नसेल तर ग्लोबल $डब्ल्यूपी_फिल्टर उघडा. वर्डप्रेस ४.७ पासून त्यातला प्रत्येक हूक (फंक्शन अडकवायची 'द_कंटेंट'सारखी जागा) हा डब्ल्यूपी_हूक क्लासचा ऑब्जेक्ट असतो. 'द_कंटेंट'च्या कॉलबॅक्समधल्या ९९ क्रमांकाच्या यादीवर फॉरईच फिरवा. प्रत्येक नोंदीत 'फंक्शन' हा भाग असतो. तो ॲरे आहे का, त्यातला पहिला घटक हव्या त्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे का आणि दुसरा 'ॲड_बटन्स' आहे का, हे तपासा. जुळलं की तोच 'फंक्शन' भाग रिमूव्ह_फिल्टरला ९९ सह द्या. यादीतून थेट अनसेट करू नका. रिमूव्ह_फिल्टर आतला बाकीचा हिशेबही सांभाळतं. क्लासला नेमस्पेस (नावाआधी लागणारं गटाचं नाव) असेल तर नाव नेमस्पेससकट तपासायचं, सुरुवातीची उलटी तिरकी रेघ (\) सोडून.

नोंद बिननावाची, म्हणजे क्लोजर असेल, तर रिफ्लेक्शनफंक्शनच्या गेटफाइलनेमने ती कोणत्या फाइलमधली आहे ते कळतं.

आता वेळ. थीमची फाइल प्लगइनांनंतर लोड होते हे खरं, पण प्लगइन आपला फिल्टर थीमनंतर चालणाऱ्या 'इनिट' हूकवर जोडत असेल तर तुमची ओळ त्याच्या आधीच चालून जाते. म्हणून हे सगळं एका फंक्शनमध्ये घालून त्याहून उशिरा चालणाऱ्या 'डब्ल्यूपी' या ॲक्शनला प्रायॉरिटी २० ने अडकवा. रिमूव्ह_ऑल_फिल्टर्सचा सोपा मार्ग मात्र नको. त्याने 'द_कंटेंट'वरचं परिच्छेद पाडणारं डब्ल्यूपीऑटोपी आणि शॉर्टकोड चालवणारं फंक्शनही जातं.

प्रश्न: वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनच्या) दुकानात दुसरं एक प्लगइन बेदाण्याच्या किमतीपुढे करांबद्दलची इंग्रजी ओळ जोडतं. ओळ ठेवायची आहे, फक्त मराठीत हवी.
— एक वाचक, तासगाव

उत्तर: मग काढू नका, मागून हात फिरवा. ती ओळ 'वूकॉमर्स_गेट_प्राइस_एचटीएमएल'वर प्रायॉरिटी १० ने येत असेल तर तुमचं फंक्शन २० ने जोडा, स्ट्र_रिप्लेसने मजकूर बदला आणि रिटर्न करा. रिटर्न विसरलात तर किंमतच गायब होते. किमतीबरोबर प्रॉडक्टही घेणारं फंक्शन असेल तर ॲड_फिल्टरला चौथा आकडा २ द्या. तो न दिल्यास एकच आर्ग्युमेंट येतं आणि पीएचपी ७.१ पासून पान फेटल एररने बंद पडतं. प्लगइनने ती ओळ भाषांतरासाठी खुली ठेवली असेल तर यातलं काहीच लागत नाही, भाषांतराच्या फाइलीत बदला.

प्रश्न: थीम बदलली की असा कोड जातो. थेट प्लगइनच्याच फाइलीत बदल केला तर?
— एक वाचक, मिरज

उत्तर: पुढच्या अपडेटला पुसला जाईल. डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एमयू-प्लगइन्स नावाचं फोल्डर करा आणि फाइल थेट त्यात ठेवा. आतल्या उपफोल्डरमधली फाइल वर्डप्रेस आपणहून उचलत नाही. या फाइली नेहमीच्या प्लगइनांच्या आधी लोड होतात, त्यामुळे उघडी रिमूव्ह_फिल्टरची ओळ इथे कधीच लागू पडणार नाही. ती वर सांगितल्याप्रमाणे 'डब्ल्यूपी'वरच अडकवा. गेट_इन्स्टन्स वापरणार असाल तर आधी क्लास_एक्झिस्ट्स तपासा, म्हणजे मूळ प्लगइन कोणी बंद केलं तरी साइट पांढरी पडणार नाही.