वाचक विचारतात : लोखंडी मुखवटा आणि डोंबिवलीची हुडी

मागच्या अंकात न्यूयॉर्कच्या गाण्याबजावण्यावर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकून दिलं होतं, की अंडरग्राउंड हिप हॉपवाल्यांचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून रॅप करणाऱ्यांचं, कुलदैवत म्हणजे एमएफ डूम. बाकी सगळा लेख राहिला बाजूला आणि त्या एका वाक्यावर मेल यायला लागले. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच्यावरच. वाचकांची नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय. आणि हो, डूमचा दंडक होता की नाव लिहायचं तर सगळी अक्षरं कॅपिटल. देवनागरीत ती भानगडच नाही, त्यामुळे मी सुटलो.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार महिने झाले एकच काळी हुडी घालून फिरतो, तिच्यावर लोखंडी मुखवटा छापलाय. मला वाटलं कुठला पंथबिंथ आहे की काय. विचारलं तर म्हणतो, "आई, तो डूम आहे, तुला नाही कळणार." तुमच्या लेखावरून कळलं की हा माणूस आहे. कोण ते जरा नीट सांगा. (एक आई, डोंबिवली)

ताई, पंथ नाहीये, म्हणजे निदान वर्गणी तरी मागत नाहीत. हा एक रॅपर, खरं नाव डॅनियल डूमिले, आडनावातूनच डूम आलं. जन्म १९७१ चा, लंडनचा, आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे, आणि पोरगा लहान असतानाच बिऱ्हाड न्यूयॉर्कच्या शेजारी लाँग आयलंडला गेलं. हे जन्मगाव लक्षात ठेवा, पुढे चांगलंच अंगाशी आलं त्याच्या.

त्याला एक धाकटा भाऊ होता, दोघांचं गूळपीठ. भाऊ डीजे सबरॉक, हा झेव्ह लव्ह एक्स, आणि ग्रुपचं नाव केएमडी. तेव्हा मुखवटा वगैरे काही नाही, चांगला हसरा चेहरा, व्हिडिओत दिसतो तुम्हाला. १९८९ मध्ये थर्ड बेस नावाच्या ग्रुपच्या एका गाण्यात याला एक कडवं मिळालं, ते गाजलं, त्यावरून इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीनं केएमडीला घेतलं आणि १९९१ ला पहिला अल्बम आला. म्हणजे वयाच्या विशीत सगळं जुळून आलेलं.

आणि १९९३ मध्ये भाऊ गेला. लाँग आयलंडचा तो मोठा एक्सप्रेसवे पायी ओलांडताना गाडीनं उडवलं, वय १९. दुसरा अल्बम अर्ध्याहून जास्त झालेला, तो यानं एकट्यानं बसून पुरा केला. कव्हरवरचं चित्र स्वतः काढलं, काळ्या माणसांची टिंगल करायला जुन्या काळी जे एक विद्रूप व्यंगचित्र वापरायचे ना, तेच चित्र यानं फासावर लटकवलं. म्हणजे अपमानालाच फाशी. पण लोकांनी वरवर बघितलं, बोंब झाली, कंपनी घाबरली, १९९४ मध्ये अल्बम बाहेर पडायच्या आधीच डब्यात घातला आणि यालाही मोकळं केलं. भाऊ नाही, रेकॉर्ड नाही, कंपनी नाही, आणि घरात लहान मूल.

पुढची तीन-चार वर्षं हा माणूस कुणाला दिसलाच नाही. नंतर मुलाखतींत त्यानंच सांगितलंय की त्या काळात मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकायचो, बाकड्यांवर झोपायचो. मग १९९७-९८ च्या सुमाराला न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत, म्हणजे जिथे कुणीही उठून कविता म्हणावी अशी जागा, तिथे एक माणूस ओपन माइकला यायला लागला, चेहऱ्यावर बायकांचा पारदर्शक पायमोजा ओढलेला! नाक चपटं झालेलं, भिवया दबलेल्या, बँक लुटायला निघाल्यासारखा. तो हाच. पायमोज्याचा पुढे लोखंडी मुखवटा झाला, मार्व्हल कॉमिक्समधला खलनायक डॉक्टर डूम असतो तसा, आणि १९९९ मध्ये डूम या नावाचा पहिला अल्बम आला.

मुखवटा का, तर लोक गायकाचा चेहरा, कपडे, गळ्यातली चेन बघतात आणि शब्द राहतात मागे, हे त्याला नको होतं. मला विचाराल तर तेवढंच कारण नसावं. ज्या चेहऱ्यानं भावाबरोबर स्टेजवर उभा राहायचा तो चेहरा घेऊन परत एकट्यानं उभं राहणं जड गेलं असेल. हा माझा अंदाज, मुलाला विचारून बघा त्याचा काय आहे. त्याला सांगा तुम्हाला कळलंय.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं असं की ज्याला वर यायला जमलं नाही तो स्वतःला अंडरग्राउंड म्हणवतो. खरं का? (कोल्हापूर)

तुमच्या त्या मित्राला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा, कारण निम्मं बरोबर आहे त्याचं. तसे बहाद्दर खूप आहेत. पण अंडरग्राउंड हा माल कुठून निघतो आणि कुणाच्या हातून पोचतो त्याचा हिशोब आहे, गरिबीचा दाखला नव्हे.

डूमचंच बघा. त्याला परत उभं केलं बॉबितो गार्सिया नावाच्या माणसानं. हा कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या कॉलेज रेडिओवर मित्राबरोबर रात्री एक ते पहाटे पाच असा शो करायचा. ज्यांच्याकडे अजून कॉन्ट्रॅक्ट नाही अशी पोरं तिथे येऊन माइकवर गाऊन जायची आणि अर्ध्या शहरातली पोरं उशाशी टेपरेकॉर्डर लावून ते रेकॉर्ड करायची, उजाडलं की कॅसेट या हातातून त्या हातात. पहाटे चारला जागं राहणारा श्रोता म्हणजे कसला श्रोता असेल विचार करा. याच बॉबितोचं स्वतःचं छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, होतं (नावाचं भाषांतर या कौटुंबिक मासिकात न केलेलं बरं), त्यावर डूमच्या तबकड्या निघाल्या. ना टीव्हीवर जाहिरात, ना चौकात पोस्टर.

आता २००४ चा 'मॅडव्हिलेनी' घ्या, मॅडलिब नावाच्या बीटवाल्याबरोबर केलेला (बीट म्हणजे रॅपच्या मागे वाजतं ते संगीत). आजही अंडरग्राउंडवाल्यांना सगळ्यात भारी अल्बम कुठला विचारा, दहातले सात हेच नाव घेतील. तो बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत वरच्यात वर किती गेला माहितीये? १७९. एकशे एकोणऐंशी! आणि तेवढ्यातच तो काढणाऱ्या दुसऱ्या एका छोट्या लेबलचं उखळ पांढरं झालं, कारण खर्चच तेवढासा नव्हता. मॅडलिबनं त्यातले काही बीट ब्राझीलला हॉटेलच्या खोलीत बसून केले होते, जवळ छोटा रेकॉर्ड प्लेअर, छोटा सॅम्पलर (जुन्या गाण्याचा तुकडा उचलून पुन्हा वाजवायचं यंत्र), टेप डेक आणि तिथल्याच दुकानांतून उचललेल्या जुन्या तबकड्या.

त्यातच एक घोळ झाला. त्याच ब्राझीलच्या ट्रिपमध्ये अर्धवट अल्बमची कॉपी चोरीला गेली आणि रिलीजच्या वर्षभर आधी इंटरनेटवर फुटली. दोघांचाही मूड गेला, दोघं दुसऱ्या कामांना लागले. मग केव्हातरी परत बसले तेव्हा डूमनं आपला आवाज पुन्हा रेकॉर्ड केला, पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीत, निवांत, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा. आज जो आवाज डूमचा म्हणून ओळखतात तो असा चोरीतून आलाय. मी पहिल्यांदा ऐकलं ते ठाणे-सीएसटी गाडीत, मित्राने कॉपी करून दिलेल्या सीडीवर, आणि मला वाटलं डिस्कमनचे सेल उतरले. सेल बदलून परत ऐकलं.

प्रश्न : याच्या शोला म्हणे मुखवटा घालून दुसराच माणूस यायचा आणि नुसते ओठ हलवायचा. ही शुद्ध फसवणूक नाही का? तिकिटाचे पैसे? (पुणे)

पुण्याहून हा प्रश्न आला नसता तर मला काळजी वाटली असती. हो, २००७ च्या आसपास असे प्रकार झाले, पब्लिकनं हुर्यो उडवली, वैतागलं. त्याचं म्हणणं असं की डूम हे पात्र आहे, मी त्याचा लेखक-दिग्दर्शक, पात्र कोणाकडून वठवून घ्यायचं ते मी ठरवणार. वाचायला फार मजेशीर आहे हे, आणि मुखवट्यामागे कोणीही असू शकतं या त्याच्याच म्हणण्याला धरूनही आहे. पण नाटकाला डबलकास्ट असेल तर दारावर बोर्ड लावतात ना राव. लोकांनी रोख पैसे मोजले होते. या बाबतीत मी तिकीटवाल्यांच्या बाजूनं.

प्रश्न : मी मराठीची निवृत्त शिक्षिका. नातवामुळे रॅप कानावर पडतं. ट ला ट जोडण्यापलीकडे त्यात काव्य असतं का, प्रामाणिकपणे सांगा. (नागपूर)

बाई, बऱ्याचदा नसतं. पण डूम ऐकताना मला मोरोपंत आठवतात, हसू नका. पंतांना कसा यमकाचा सोस, दोन-तीन अक्षरं जुळली तरी समाधान नाही, अख्खा शब्दसमूह जुळवतील आणि अर्थ दोन्हीकडे वेगळा. डूमचं तेच. साधा रॅपर "पाऊस आला, उशीर झाला" करून मोकळा होतो. डूम जर आमच्या ठाण्याचा असता तर असं काहीतरी म्हणाला असता: "गाडी कळव्याला थांबली, वळवानं लांबली, तोवर हळदीची मंडळी पांगली." कळव्याला थांबली, वळवानं लांबली, बघा, पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत जवळपास सगळं जुळतंय आणि वाक्य मात्र आपलं रोजचंच. (हे माझं, त्याचं नव्हे, त्याच्याशी तुलना नको.) तो हे इंग्रजीत सलग वीस-वीस ओळी करतो, यमक ओळीच्या शेवटी न ठेवता मध्येच कुठेतरी दडवतो, वाक्य एका ओळीत सुरू करून दुसरीच्या पोटात संपवतो, त्यामुळे कान सतत पुढे झुकलेला राहतो.

आणि ध्रुवपद बहुतेक वेळा नाहीच. 'मॅडव्हिलेनी'त २२ तुकडे आहेत, सगळे मिळून पाऊण तासाचे, त्यातलं अकॉर्डियनच्या सुरावरचं एक तर जेमतेम दोन मिनिटांत उरकतं. आणखी एक गंमत, त्याच वर्षी आलेला दुसरा अल्बम अख्खा खाण्यावर, गाण्यांची नावंही खाद्यपदार्थांची, आणि अल्बमचं नाव म्हणजे एमएफ डूम याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट. कव्हरवर मुखवटा घालूनच टेबलाशी बसून नाश्ता करतोय. नातवाला विचारा, तो म्हणून दाखवेल. अर्थ लावायला मात्र तुम्हीच बसा, त्या पोरांना निम्मा लागत नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीचा हुडीवाला. आईने तुम्हाला लिहिलंय ते मला कळलंय. मी मराठीत रॅप लिहितो. अंडरग्राउंड राहून पोट भरतं का? कॉलेज सोडू का?

कॉलेज सोडू नको. झालं, आता बोलूया.

डूम पोट कसं भरायचा बघ. एक, नावं अनेक. २००३ या एका वर्षात त्याचे दोन अल्बम दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या लेबलवर आले, किंग गिडोरा आणि व्हिक्टर व्हॉन. एकाच्या कराराची दोरी दुसऱ्याच्या पायात नाही. दोन, बीट स्वतः करायचा आणि नुसत्या बीटच्या, शब्द नसलेल्या रेकॉर्डची मालिकाच काढली, मसाल्याच्या पुड्या विकाव्यात तशी. त्याच बीटवर पुढे दुसऱ्यांनीही गाणी केली. तीन, दुसऱ्यांच्या गाण्यात कडवी. मॅडलिबलाही तसंच सुचत असतं, त्यानं २००७ मध्ये आपल्या जुन्या हिंदी सिनेमांच्या संगीतावर अख्खी रेकॉर्ड केली, म्हणजे आपल्या रद्दीतनं त्यानं सोनं काढलं आणि आपण बघत बसलो.

पण किंमत पण बघ. २०१० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेला, परत येताना अमेरिकेनं आत घेतलं नाही. लहानपणापासून तिथे राहिलेला माणूस, पण नागरिकत्वाचे कागद कधी केलेच नव्हते. त्या लंडनच्या जन्माचं असं झालं. बायको-पोरं तिकडे, हा इकडे, मग इंग्लंडमध्येच राहिला. २०१७ मध्ये १४ वर्षांचा मुलगा गेला. ३१ ऑक्टोबर २०२० ला लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये हा स्वतः गेला, वय ४९, आणि जगाला कळलं बरोब्बर दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, बायकोनं सांगितलं तेव्हा. इतका दडलेला.

तुझ्याकडे त्याच्यापेक्षा साधनं जास्त आहेत. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं २०१४ मध्ये पहिलं गाणं आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि त्यावरच शूट केलं. स्वदेशी या मुंबईच्या ग्रुपवाले मराठीत बेधडक रॅप करतात, आरेच्या जंगलावर केलंय त्यांनी. तेव्हा भाषा मराठी आहे म्हणून अडतंय असं मला सांगू नको. मुखवटा लगेच घेऊ नको, आधी चेहऱ्यानं चार ठिकाणी पड. १६ ओळी लिही, कागदावर, हाताने, आणि मला पाठव. त्यात 'भाई' आणि 'सीन' हे दोन शब्द नकोत. आणि पासपोर्ट काढलायस का? काढून ठेव.

ता. क. : आईंनी पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलं होतं की त्या हुडीवरचं प्रिंट निघायला लागलंय, काय करू. उलटी करून गार पाण्यात धुवा, मशीनमध्ये ड्रायर नको, सावलीत वाळवा, आणि इस्त्री मुखवट्यावरून अजिबात फिरवू नका.