लॅपटॉपमधल्या २४ बिट/१९२ किलोहर्ट्झच्या फ्लॅक फाइल्स हॉलमधल्या जुन्या अँप्लिफायरवर वायफायने वाजवता येतील का, की ब्लूटूथच पुरे?

हो येतील, ब्लूटूथचा नाद सोडा आणि अँपला एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) अधिक यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा अँपला चालणारा अॅनालॉग सिग्नल करणारी डबी) जोडा, पायवर व्हॉल्युमिओ किंवा मूड (moOde) हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाका, डॅकच्या आरसीए वायरी अँपच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला (फोनोला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटला, चुकूनही नको), झालं काम. गणित साधं आहे, १९२००० × २४ × २ चॅनल म्हणजे सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट, फ्लॅक दर्जा न घालवता फाइल दाबतं म्हणून त्यात त्याहून कमीच, घरातल्या वायफायला हे काहीच नाही, पण ब्लूटूथवर आवाज पाठवायची एलडॅक ही उंच दर्जाची पद्धत सुद्धा सेकंदाला ९९० किलोबिटच्या वर जात नाही, आणि सीडीलाच मुळात १४११ लागतात, म्हणजे हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज) तिथेच संपलं. फाइल्स लॅपटॉपवरच राहू द्या, फोल्डर नेटवर्कवर शेअर करा किंवा मिनिमसर्व्हरसारखा डीएलएनए सर्व्हर (घरच्या नेटवर्कवर गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर) टाका, गाणी मोबाइलच्या ब्राउझरमधून निवडायची. फक्त लॅपटॉप झोपला की गाणं पण झोपणार, तेवढी स्लीपची सेटिंग बदला.

एक मात्र बघा, वाटेत कुठे रिसॅम्पलिंग (१९२ किलोहर्ट्झचं दुसऱ्या दरात रूपांतर) होत नाही ना. व्हॉल्युमिओत रिसॅम्पलिंग बंद ठेवा आणि डॅक यूएसबीनेच जोडा, कारण ऑप्टिकल केबलवर बरीच यंत्रं ९६ च्या पुढे जात नाहीत. डॅकवर १९२ चा आकडा किंवा दिवा दिसला की समजायचं बरोबर चाललंय. बाकी ९६ आणि १९२ मधला फरक कानाला कळेल असं मला तरी वाटत नाही, स्पीकर नीट जागी ठेवलेत तर फरक जास्त कळतो.