मोकळ्या आकाशातून पडणारी वीज

प्रश्न : आमचा द्राक्षमळा निफाड तालुक्यात आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी ढग दूर सिन्नरच्या बाजूला दाटले होते आणि आमच्या डोक्यावर आकाश मोकळे होते. तरीही शेजारच्या शिवारात नारळावर वीज पडली. हे कसे घडले? तसेच आमचे आजोबा तरुणपणी विजेचा तरंगता गोळा पाहिल्याचे सांगतात. त्यात तथ्य असेल का?

उत्तर : वीज नेहमी ढगाच्या खालीच पडते, हा समज चुकीचा आहे आणि शेतात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने तो फार घातकही आहे. वळवाच्या ढगाची उंची दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते. त्याच्या मधल्या भागात प्रामुख्याने ऋण विद्युतभार साठतो, तर माथ्याकडे धन भार साठतो. या दोहोंमध्ये सुरू झालेली वीज काही वेळा ढगाच्या कडेतून बाहेर पडते, स्वच्छ हवेतून कित्येक किलोमीटर आडवी जाते आणि मग जमिनीकडे वळते. आपल्या शेजारी पडलेली वीज बहुधा अशीच असावी. याखेरीज ढगाच्या पसरलेल्या माथ्यातून थेट जमिनीवर येणारी धन भाराची वीजही असते. तिचे प्रमाण एकूण विजांच्या एक दशांशाहूनही कमी आहे. पण तिचा प्रवाह बराच प्रबळ असू शकतो आणि अधिक काळ टिकतो, त्यामुळे आग लागण्याचा धोका वाढतो.

वीज आडवी किती लांब जाऊ शकते, याची कल्पना एका नोंदीवरून येईल. ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत चमकलेल्या एका विजेची लांबी 829 किलोमीटर असल्याचे जागतिक हवामान संघटनेने मान्य केले आहे. नाशिक ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतरही त्याहून कमी आहे.

म्हणून डोक्यावरच्या ढगावर विसंबू नये, कानावर विसंबावे. गडगडाट ऐकू आला, की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. द्राक्षमांडवाच्या लोखंडी तारांना तर अशा वेळी मुळीच हात लावू नये, कारण दूरच्या टोकाला पडलेल्या विजेचा प्रवाहही तारेतून आपल्यापर्यंत येऊ शकतो.

आजोबांचे सांगणे भास म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. अशा गोळ्यांची वर्णने कित्येक शतकांपासून अनेक देशांत मिळतात. 2012 मध्ये चीनच्या पठारावर विजांचे मापन करणाऱ्या लान्चौ येथील संशोधकांना, जमिनीवर वीज पडताच तेथे उमटलेला असा गोळा योगायोगाने टिपता आला. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात सिलिकॉन, लोह आणि कॅल्शियम ही मातीतील मूलद्रव्ये आढळली. विजेच्या उष्णतेने मातीची वाफ होते आणि ती हवेत जळत राहते, या तर्काला त्यामुळे बळ मिळाले. मात्र बंद घरात दिसलेल्या गोळ्यांचा उलगडा त्याने होत नाही. शिवाय प्रखर लखलखाटानंतर डोळ्यांपुढे काही क्षण तेजाचा ठिपका तरळतो, हेही विसरता येत नाही. आजोबांना गोळ्याचा रंग व आकार, तो किती वेळ दिसला आणि त्याआधी जवळपास वीज पडली होती का, हे विचारून लिहून ठेवावे. नजर वळवल्यावरही तो जागच्या जागी राहिला होता की नजरेबरोबर सरकला, हे तर अवश्य विचारावे.