साताऱ्यात राहून सातारा बघायचाय? इथून सुरुवात करा

आपल्याच गावाचा इतिहास शोधायचा, मोडी शिकायची हा उत्साह छान आहे, पण एकाच रविवारी अजिंक्यतारा किल्ला, माहुली आणि चार भिंती उरकू नका. एकच पेठ घ्या, सकाळी ७ ला, पायी.

- नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर ठेवा. जुने सज्जे, कोरीव लाकूडकाम वरच टिकतं.
- म्हाताऱ्या माणसांना "इतिहास सांगा" म्हटलं की ऐकीव गोष्टीच मिळतात. "या जागी पूर्वी काय होतं?" असं विचारा. ऐकलेलं आणि वाचलेलं वहीत वेगवेगळं लिहा, ही सवय पहिल्या दिवसापासून हवीच.
- शिलालेखाला खडू, तेल, पीठ कधीच लावू नका, दगड खराब होतो! अंधार पडताना बॅटरी बाजूने तिरपी धरा, सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात.

किल्ल्यावर जाण्याआधी त्याला पडलेला १६९९-१७०० चा मोगल वेढा तेवढा वाचा. मोडी, म्हणजे जुन्या कागदपत्रांची लिपी, नंतर शिकू.