वाचक विचारतात : ‘क्लोन वॉर्स’ नेमकी कुठून बघायची?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच अॅनिमेशन मालिकेबद्दल आहेत : ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’. २००८ ते २०२० या काळात तिचे सात सीझन आणि १३३ भाग झाले. ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) आणि ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) या दोन चित्रपटांच्या मधली तीनेक वर्षं ती भरून काढते. खाली ३.१ म्हणजे तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. उत्तरांमध्ये कोण मरतं, कोण जगतं हे उघड झालंय. ज्यांना नको त्यांनी पान उलटावं.

पहिल्या सीझनमध्ये मेलेला क्लोन तिसऱ्यात शिकाऊ म्हणून परत दिसला. आमचे काही भाग राहिले का? – वाचक, ठाणे

काहीही राहिलेलं नाही. तो हेवी, एकाच माणसाच्या प्रती काढून बनवलेल्या क्लोन सैन्यातला एक सैनिक. १.५ मध्ये रिशीच्या चंद्रावरची चौकी तो स्वतःसकट उडवून देतो. ३.१ मध्ये कामिनोवरचं (क्लोन बनवतात तो ग्रह) त्याचं प्रशिक्षण आहे, म्हणजे गोष्ट आधीची, फक्त प्रसारित नंतर झाली. पहिल्या तीन सीझनमध्ये असं पुष्कळ झालंय. कालक्रमाने सुरुवात करायची तर २.१६, १.१६, मग २००८ चा अॅनिमेशनपट (नायक अनाकिनची शिष्या अहसोका त्यातच पहिल्यांदा येते), ३.१, ३.३ आणि त्यानंतर १.१. पुढे १.२२ हा ३.८ नंतर, २.१५ हा ३.११ नंतर आणि ५.१ चक्क ५.१३ नंतर.

पण नव्या प्रेक्षकाला हा क्रम सुचवावासा वाटत नाही. सुरुवातीलाच इतक्या उड्या मारल्या की कोणाशीच ओळख होत नाही. त्यापेक्षा एकेका पात्राचा धागा धरून बघा. फाइव्ह्ज आणि इको या दोन क्लोनांचा धागा सगळ्यात घट्ट आहे : ३.१, १.५, ३.२, ३.१८ ते ३.२०, ४.७ ते ४.१०, ६.१ ते ६.४, ७.१ ते ७.४. एकूण १८ भाग, प्रत्येकी साधारण २२ मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांचा ऐवज. ३.१८ ते ३.२० गाळून सातवा सीझन लावलात तर इकोच्या परतण्यात काय विशेष, हेच कळणार नाही.

डार्थ मॉल या खलनायकासाठी ३.१२ ते ३.१४, ४.१९, ४.२१, ४.२२, ५.१, ५.१४ ते ५.१६ आणि शेवटी ७.९ ते ७.१२. यात ५.१६ नंतर एकदम मोठी फट जाणवते. मॉल तिथे पाल्पटीनच्या (प्रजासत्ताकाचा प्रमुख, खरं तर पडद्यामागचा खलनायक) हाती सापडतो आणि ७.९ मध्ये पुन्हा मॅंडलोर ग्रहावर मोकळा असतो. मधली हकीकत ‘सन ऑफ दाथोमिर’ या २०१४ च्या चार अंकी कॉमिकमध्ये आहे. न बनलेल्या भागांच्या संहितांवरूनच ते काढलं होतं.

क्लोनांच्या डोक्यात चिप असल्याचं चित्रपटात कुठेच नाही. मालिकेने मूळ गोष्ट बदलली का? – वाचक, कोल्हापूर

बदलली नाही, पण तिचा अर्थ नक्की हलवला. २००२ च्या चित्रपटात कामिनोचे लोक एवढंच सांगतात की क्लोनांच्या जनुकीय रचनेत फेरफार करून त्यांना जास्त आज्ञाधारक केलंय. पुढच्या चित्रपटात आदेश ६६, म्हणजे जेडाय योद्ध्यांना संपवण्याचा हुकूम, येताच ते क्षणाचाही विचार न करता आपल्याच जेडाय सेनापतींवर गोळ्या झाडतात. चित्रपटात ते खपून गेलं, कारण तिथे क्लोनांना चेहराच नव्हता. मालिकेने मात्र पाच सीझन त्यांना नावं, केशरचना, विनोदबुद्धी, स्वतःची मतं दिली. अंबारा ग्रहावर (४.७ ते ४.१०) तर ते चुकीच्या सेनापतीविरुद्ध उभे राहतात. अशी माणसं एका वाक्यावर मित्राला कशी मारतील? हा पेच मालिकेने स्वतःच ओढवून घेतला होता आणि चिप हे त्याचं उत्तर आहे.

६.१ मध्ये टप या क्लोनची चिप बिघडते आणि तो वेळेआधीच एका जेडायला मारतो. शोध घेणाऱ्या फाइव्ह्जला कट कळतो, पण ६.४ मध्ये तोच मारला जातो. कामिनोची अधिकृत सबब अशी की चिप क्लोनांची आक्रमकता काबूत ठेवते. ७.११ मध्ये क्लोन कप्तान रेक्स आदेश ६६ शी झगडत अहसोकाला फाइव्ह्जला शोधायला सांगतो, तो याच प्रकरणाचा दुवा. सहावा सीझन न बघितलेल्यांना ते वाक्य निरर्थक वाटतं. चिपमुळे क्लोनांचा अपराध मात्र पुसला जातो, आणि शोकांतिकेची धार थोडी बोथट होते, ही तक्रार रास्तच आहे.

ग्रीव्हसशी अनाकिन कधीच का लढत नाही? आणि ग्रीव्हस का खोकतो? – वाचक, पणजी

ग्रीव्हस हा शत्रूच्या यंत्रमानव सैन्याचा सेनापती. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये तो आणि अनाकिन एकमेकांना पहिल्यांदाच बघताहेत हे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट होतं, म्हणून मालिकेत त्यांची समोरासमोर गाठ पडू दिलेली नाही. अनाकिनचा गुरू ओबी-वान याच्यावर असं बंधन नव्हतं. खोकल्याचं उत्तर वेगळ्या मालिकेत आहे : २००३ ते २००५ ची गेंडी टार्टाकोव्स्की यांची ‘क्लोन वॉर्स’, हाताने रेखाटलेली, २५ प्रकरणं, पहिली वीस जेमतेम तीन-तीन मिनिटांची. तिच्यात मेस विंडू हा जेडाय ग्रीव्हसची छाती दुरूनच चिरडतो, म्हणून तो खोकला. २०१४ पासून ही मालिका अधिकृत कथेत धरत नाहीत. तरी बघाच, दोनेक तासांत संपते.

शेवटचे चार भाग चित्रपटाच्या आधी बघायचे की नंतर? – वाचक, न्यू जर्सी

पहिल्यांदा बघत असाल तर चित्रपट, म्हणजे ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’, अखंड बघा आणि मग ७.९ ते ७.१२. दुसऱ्यांदा विणून बघता येतात. आधी ७.९ : पाल्पटीनच्या सुटकेसाठी अनाकिन आणि ओबी-वान निघतात, तिथूनच चित्रपट सुरू होतो. ओबी-वान उटापाऊ ग्रहाकडे निघाला की थांबवा आणि ७.१० लावा, तिथे शत्रूपक्षाचा नेता डूकू मेल्याचं आणि अनाकिनला पाल्पटीनवर नजर ठेवायला सांगितल्याचं बोलणं आहे. मग आदेश ६६ पर्यंत चित्रपट, त्यानंतर ७.११. उरलेला चित्रपट संपवून ७.१२. एरवी प्रत्येक भागाच्या आरंभी येणारं सुभाषित या चार भागांत नाही, आणि शीर्षक पिवळ्याऐवजी लाल आहे. प्रत खराब आहे असं समजू नका.

नऊ वर्षांच्या मुलीसोबत बघण्यासारखी आहे का? – वाचक, नाशिक

निवडून बघा. १.१ ते १.४ उत्तम. २.७ आणि २.८ मध्ये नाकातून शिरणारे किडे आणि उठून चालणारी प्रेतं आहेत, ते टाळा. अंबाराचे चार भाग आणि ५.१६ थोड्या मोठ्या वयासाठी ठेवा. ड्रॉइडांची (यंत्रमानवांची) मोहीम असलेले ५.१० ते ५.१३ मोठ्यांना कंटाळवाणे वाटतात, मुलांना बहुधा आवडतील.