रश्शिवा : शिवलेली नाव की नटवलेली?

रशियातल्या वोल्गा नदीकाठच्या गोरोदेत्स या छोट्या गावाविषयीचा मजकूर मराठीत आणताना एका वाचकाला ‘रश्शिवा’ हा नावेचा प्रकार भेटला. यात आपले ‘शिवणे’ आहे का, आणि ‘शिवलेली नाव’ म्हटले तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

रशियन ‘शित्’ म्हणजे शिवणे. संस्कृत ‘सीव्यति’, मराठी ‘शिवणे’ आणि हा ‘शित्’ एकाच कुळातले. (‘मला शिवू नकोस’ मधले शिवणे निराळे, ते प्राकृत ‘छिव’वरून आले, त्याला यात ओढू नये.) ‘रश्शिवा’ थेट ‘शित्’पासूनच निघाला की नाही, यावर मात्र मतभेद आहेत. निघाला असे धरले तरी गुंता सुटत नाही, कारण ‘रश्शिवात्’ या क्रियापदाचे अर्थ दोन : उसवणे आणि भरतकाम करणे!

नावा खरोखर शिवत, यात शंका नाही. उत्तर रशियात झाडाच्या मुळांनी फळ्या शिवलेल्या नावेला ‘शितिक’ म्हणत. आपल्याकडेही फळ्या काथ्याने शिवत. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात तसेच बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ साली नौदलात आले. जहाजाच्या बाहेरच्या आवरणाला रशियन लोक आजही ‘अब्शिवका’ म्हणतात, शब्दशः ‘भोवतीची शिवण’. ते आवरण पोलादी असले तरीही.

पण गोरोदेत्सची रश्शिवा शिवलेली नव्हती. ती सपाट बुडाची, मोठ्या शिडाची मालवाहू नाव. वारा पडला की बुर्लाक, म्हणजे दोर ओढणारे मजूर, तिला काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध ओढत नेत. या गावाचे स्थापनावर्ष ११५२ मानतात. आसपासच्या खेड्यांतले सुतार नावा बांधत, आणि नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, नि मागच्या बाजूला सिंह, वेलबुट्टी, जलपऱ्या कोरत. ‘भरतकाम केलेली’ ही व्युत्पत्ती लोकांना पटते ती या नक्षीमुळेच. मला स्वतःला ती जरा जास्तच गोड वाटते.

त्या जलपरीचे नाव तर आणखी मजेदार : ‘फाराओन्का’. मोझेसचा पाठलाग करताना तांबड्या समुद्रात बुडालेल्या फाराओच्या सैन्याचे अर्धे मासे, अर्धी माणसे झाली, अशी लोककथा आहे. इजिप्तचा राजा वोल्गेवर पोहोचला तो असा.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी वाढल्या, रश्शिवा मागे पडल्या. तीच कोरीव धाटणी गावातल्या लाकडी घरांच्या पाख्यांवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर आजही दिसते. कारागीर या नक्षीला ‘जहाजी कोरीवकाम’ म्हणत.

तेव्हा ‘शिवलेली नाव’ नको, चित्रच चुकेल. ‘पडाव’ हा मालवाहू नावेचा आपला शब्द बराच जवळ जातो, पण त्याने कोकणची खाडी डोळ्यांपुढे येते. मी ‘रश्शिवा’च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखात ‘सपाट बुडाची शिडाची नाव’ एवढे जोडीन.