मुलगी ६ वर्षांची, फार लाजाळू. नागपुरात तबल्यासाठी ग्रुप क्लास लावावा की एकटीला शिकवणारे सर बघावेत?

सुरुवातीचे दोन-तीन महिने एकटीलाच शिकवणारे सर बघा, आणि ते घराजवळचेच असू द्या. मे महिन्याच्या उन्हात प्रतापनगरहून महाल भागात जायचं म्हटलं तर क्लास आपोआप बुडतो. मी लहान मुलांना तबला शिकवतो. चुकताना कोणी बघतंय म्हटलं की लाजरं पोर हातच आखडतं. आधी घरी टाळी देत नुसते बोल म्हणा: धा गे ना ति, न क धि न. हा ८ मात्रांचा, म्हणजे ८ ठोक्यांचा, केरवा ताल, पोरं खेळता-खेळता उचलतात. पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव ना बेटा’ मात्र एकदम बंद! फक्त एकटीचा क्लास वर्षभर ओढू नका, दुसऱ्याच्या लयीत वाजवायची सवय मग लागत नाही.